लघवीत प्रोटीन ‘दोन प्लस’ आणि क्रिएटिनिन मात्र नॉर्मल: आता काय समजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, शुगर नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत लघवीत प्रोटीन ‘++’ निघालं. रक्तपेशी नाहीत, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) ०.९, बीपी १४६/९२. वर्षभरापासून लघवीला फेस येतो असं वाटतं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी १५ किलोमीटर धावलात आणि सहा महिने प्रोटीन पावडर घेताय. तुम्हाला चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. किडनी गेली का? क्रिएटिनिन नॉर्मल असताना काळजी कशाची? प्रोटीन खाणं बंद करू का? आणि बीपीच्या गोळीने किडनी बिघडते हे खरं का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: नाही, एका कागदावरून किडनी ‘जात’ नाही. पण हा कागद फाईलला लावून विसरून जायचाही नाही. किडनीचा डॉक्टर म्हणून वीसेक वर्षं काम करताना दोन्ही टोकांची माणसं रोज भेटतात. एक जण ‘ट्रेस’, म्हणजे किंचित, वाचून रात्रभर जागा असतो. दुसरा तीन वर्षं ‘+++’ घेऊन फिरतो, कारण कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, “क्रिएटिनिन चांगलं आहे ना, मग सोडून द्या.” माझी खरी काळजी या दुसऱ्याबद्दल असते.

आधी आत काय चालतं ते बघू. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात त्या सगळ्या मिळून रक्तातलं सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं पुढच्या नळ्या परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. रक्तद्रवात लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, असतं, म्हणजे जाळी नसती तर रोज सात किलो अल्ब्युमिन पलीकडे गेलं असतं. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या लघवीत ते दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी सापडतं. जाळी काय ताकदीची आहे ते यावरून समजावं. तिचे थर तीन: आत केशवाहिनीचं छिद्रं असलेलं अस्तर, मध्ये एक पातळ पडदा, आणि बाहेरून बोटांसारखे पाय गुंफून बसलेल्या पेशी. या बाहेरच्या पेशींना पोडोसाइट म्हणतात. त्या झिजून गळाल्या तर त्यांच्या जागी नव्या सहसा येत नाहीत. प्रोटीनच्या बाबतीत आम्ही घाई का करतो याचं बरंचसं कारण इथे आहे.

म्हणजे लघवीत प्रोटीन शून्य असायला हवं असं नाही. सगळ्या प्रकारची मिळून दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, आणि त्यातली काही तर किडनीच्या नळ्यांनीच तयार केलेली असतात. प्रश्न येतो तो अल्ब्युमिन वाढलं की.

आता तुमच्या ‘++’ कडे. लॅबमध्ये तुमच्या लघवीत एक पट्टी बुडवली गेली. तिच्यावरचा पिवळा चौकोन अल्ब्युमिन लागलं की हिरवट होतो. हिरवा जितका गडद, तितके प्लस. मी शिकत होतो तेव्हा रात्रपाळीला आम्ही परीक्षानळी तिरकी धरून फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. वर पांढरट ढग धरला की व्हिनेगरच्या आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे. ढग विरला तर तो फॉस्फेटचा, राहिला तर प्रोटीनचा. खालची न तापवलेली लघवी तुलनेला तिथेच असायची. मुळात ही युक्ती फार जुनी. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, तापवल्यावर गोठणारी लघवी आणि शवविच्छेदनात दिसणारी बिघडलेली किडनी या तिन्हींचा संबंध जोडून दाखवला. ते चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरत. आजची पट्टी त्यापेक्षा सोयीची आहे, पण एका बाबतीत तितकीच भोळी: तिला फक्त दाटपणा कळतो, दिवसभराचं प्रमाण कळत नाही.

हिशेब करून बघा. ‘++’ म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम. एखाद्याला दिवसात जेमतेम ७०० मिलीलिटर लघवी होत असेल तर ते झालं ७०० मिलिग्रॅम. दुसरा भरपूर पाणी पिणारा, अडीच लिटर लघवी होणारा असेल, तर त्याचं तेच ‘++’ अडीच ग्रॅम भरतं. दोघांच्या रिपोर्टवर छापलेलं अक्षर एकच, आजार मात्र वेगवेगळ्या पायरीवर. उलटंही होतं. घटाघट पाणी पिऊन सॅम्पल दिलं की खरं गळणारं प्रोटीनही ‘निल’ दिसू शकतं. खूप दाट लघवी, उघड दिसणारं रक्त, मासिक पाळी, लघवी फार अल्कलाइन असणं, यांत पट्टी नसलेलं प्रोटीन दाखवते. आणि मायलोमासारख्या रक्तपेशींच्या कॅन्सरमध्ये जे प्रोटीन गळतं ते अल्ब्युमिन नसल्यामुळे तिला दिसतच नाही.

तुमच्या बाबतीत तर आदल्या संध्याकाळचे १५ किलोमीटर आहेत. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर काही तास, कधी दिवसभर, लघवीत प्रोटीन उतरतं आणि आपोआप थांबतं. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, यांतही तेच. त्यामुळे पहिलं काम औषध नाही, पहिलं काम पुन्हा तपासणी, पण नीट.

दोन दिवस धावणं, वजनं उचलणं बंद ठेवा. रात्री झोपताना लघवी करून झोपा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली, स्वच्छ डबीत घ्या. लॅबला ‘युरीन रूटीन’ नका सांगू, ‘युरीन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’ सांगा. रिपोर्टवर ते एसीआर म्हणून येतं. लघवीत क्रिएटिनिन कशाला मोजायचं, असं बरेच जण विचारतात. माणूस दिवसाला साधारण एक ग्रॅम क्रिएटिनिन लघवीतून टाकतो, पाणी कितीही प्या. म्हणून त्याच्याशी भागाकार केला की दाट-पातळचा घोळ निघून जातो. अल्ब्युमिन ४५ आणि क्रिएटिनिन १५० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर आलं, तर रेशो ३०० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम), म्हणजे दिवसाला ढोबळ ३०० मिलिग्रॅम. पूर्वी यासाठी २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवायला लावायचो. त्यात एखादी वेळ कॅन विसरला की सगळा हिशेब चुकायचा. आता ती क्वचितच लागते. एक मात्र खरं: तुम्ही पिळदार अंगाचे असाल तर क्रिएटिनिन जास्त पडतं आणि रेशो आहे त्यापेक्षा थोडा कमी दिसतो. हडकुळ्या, वयस्कर माणसाचं याच्या उलट.

३० च्या आत आलं तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे चांगलीच आहे. (काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोल देतात, तिथे हेच आकडे साधारण ३ आणि ३० होतात. एकक वाचल्याशिवाय घाबरू नका, आणि खूशही होऊ नका.) मधल्या टप्प्याला ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हणायची सवय आहे. त्यावरून ते अल्ब्युमिनचंच काहीतरी बारीक, निरुपद्रवी भावंड असावं असा समज होतो. तसं काही नाही, अल्ब्युमिन तेच, फक्त पट्टीला न दिसण्याइतकं थोडं.

एका आकड्यावर तरीही शिक्का मारायचा नाही. किडनीचा जुना आजार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला लागतो. मी तुमच्या जागी असतो तर एक-दोन आठवड्यांत एसीआर केलं असतं आणि वाढलेलं आलं तर तीन महिन्यांत आणखी दोनदा. अर्थात आकडा फार मोठा निघाला तर तीन महिने वाट बघत बसायचं नाही.

मध्येच एक आठवण. सतरा वर्षांच्या एका मुलाला आई घेऊन आली, दोन लॅबचे ‘++’ हातात, चेहरा उतरलेला. दोन्ही सॅम्पल दुपारची होती. उठल्याबरोबरचं सॅम्पल मागवलं, निल. दुपारचं पुन्हा केलं, ‘++’. काही मुलामुलींमध्ये उभं राहिल्यावर प्रोटीन गळतं आणि आडवं झाल्यावर थांबतं. ते निरुपद्रवी असतं आणि वयाबरोबर बहुतेकांचं जातं. तिशीनंतर मात्र ही सबब सहसा चालत नाही, तेव्हा तुम्हाला तिचा आधार नाही.

फेसाबद्दल. धार जोरात असेल, लघवी दाट असेल, भांड्यात क्लीनर उरलेला असेल, तरी फेस होतो आणि बघता बघता विरतो. अल्ब्युमिनचा फेस बारीक बुडबुड्यांचा, थरावर थर असा असतो आणि फ्लश केल्यावरही मागे रेंगाळतो. पण डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. फेसाची तक्रार घेऊन आलेल्या अनेकांचं एसीआर अगदी स्वच्छ निघतं, आणि ज्यांचं ५०० असतं त्यांतल्या कित्येकांनी फेस कधी पाहिलेलाच नसतो.

आता क्रिएटिनिन. तुमचा दुसरा प्रश्न सगळेच विचारतात आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. रक्तातलं क्रिएटिनिन हा कचरा किती साठला याचा आकडा आहे, गाळणीला भोक पडलंय का याचा नाही. भोक पडलेली गाळणीसुद्धा कचरा व्यवस्थित बाहेर टाकत राहते. शिवाय काही गाळण्या निकामी झाल्या तर उरलेल्या जास्त काम करून आकडा सावरून धरतात. तुमचंच उदाहरण घेऊ. ४२ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन ०.९ म्हणजे जीएफआर, अर्थात गाळण्याचा वेग, १०९ च्या आसपास. उद्या ते १.३ झालं तरी पुष्कळ लॅबच्या छापील मर्यादेत तो आकडा बसतो, ठळक अक्षरात काही येत नाही. पण जीएफआर तेव्हा ७० वर आलेला असतो, एक तृतीयांशाहून जास्त काम गेलेलं असतं. म्हणून ‘नॉर्मल’ हा शब्द वाचू नका. मागच्या वर्षीचा आकडा काय होता ते बघा आणि लॅबकडून ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला जीएफआर, मागून घ्या.

मधुमेहाच्या एका बाई आठवतात. दहा वर्षांची फाईल, तारखेनुसार लावलेली, प्रत्येक क्रिएटिनिनखाली पेनाने रेघ. ०.७, ०.८, ०.८. लघवीचं अल्ब्युमिन दहा वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. पायावर सूज आली म्हणून आल्या तेव्हा एसीआर हजाराच्या वर होतं. टाईप २ मधुमेह कळला त्याच दिवसापासून, आणि टाईप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी. रक्तदाब असलेल्यांनीही ती करून घ्यावी. तपासणी साधी आहे, फक्त आठवणीने सांगावी लागते.

समजा तुमचं एसीआर पुन्हा वाढलेलंच आलं. मग कारण शोधायचं. जगभर सगळ्यात जास्त कारणं दोनच, मधुमेह आणि रक्तदाब. तुम्हाला शुगर नाही म्हणता, पण उपाशीपोटीच्या एका आकड्यावर मी ते मान्य करणार नाही, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) करा. १४६/९२ हे बीपीही त्या एका दिवसाचं आहे. घरी यंत्र घेऊन आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून मोजा आणि लिहून ठेवा. बीपीमुळे किडनी बिघडते आणि बिघडलेली किडनी बीपी वाढवते. चाळिशीतल्या माणसात आधी कोण हे ठरवणं मलाही दर वेळी जमत नाही. लठ्ठपणानेही गाळण्यांवर ताण येऊन प्रोटीन गळतं. याखेरीज गाळण्यांचेच आजार असतात: आयजीए नेफ्रोपॅथी, मेंब्रेनस नेफ्रोपॅथी, ल्युपस. लघवीत रक्तपेशी नाहीत ही तुमच्यासाठी जमेची बाजू. प्रोटीन आणि रक्त एकत्र दिसलं की माझे कान लगेच टवकारतात. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी एवढं सुरुवातीला पुरतं.

प्रोटीन दिवसाला एक ग्रॅमच्या वर टिकून असेल आणि कारण सापडत नसेल, किंवा जीएफआर घसरत असेल, तर बायोप्सीचा विषय निघतो. नाव ऐकूनच लोक गायब होतात. जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत सुईने किडनीचे दोऱ्याएवढे एक-दोन तुकडे घेतात आणि मग बरेच तास उताणं झोपवून ठेवतात. लघवी थोडी लाल होऊ शकते. गंभीर रक्तस्राव क्वचित होतो, पण होतो, म्हणून त्याआधी बीपी आणि रक्त गोठण्याची तपासणी. बायोप्सीने किडनी खराब होते हा समज मात्र चुकीचा. उलट स्टेरॉइड द्यायचं की नाही यासारखे निर्णय तिच्याशिवाय अंधारात घ्यावे लागतात.

चौथ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण तिसऱ्याशी तो जोडलेला आहे. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या, म्हणजे रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन वगैरे, गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी थोडी सैल करतात. गाळणीतला दाब उतरतो, गळती कमी होते. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने टाईप १ मधुमेहात क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आणून दाखवला. २००१ मध्ये सार्टन गटाने टाईप २ मध्ये फायदा दाखवला. अलीकडे डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मुळात शुगरसाठी आलेली औषधं, २०२० पासून, मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांतही उपयोगी पडतात असं सिद्ध झालं आहे. म्हणजे प्रोटीन ही आजाराची नुसती खूण नाही. ते कमी केलं की पुढची घसरगुंडीही मंदावते.

मग ‘गोळीने किडनी बिघडली’ हे लोक का म्हणतात? कारण दाब उतरल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही अपेक्षितच धरतो. रुग्ण मात्र रिपोर्ट बघतो, गोळी बंद करतो आणि जिच्यामुळे पुढची दहा वर्षं निभावली असती तीच जाते. गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, एवढी शिस्त पाळा. प्रिलने कोरडा खोकला लागला तर सार्टनवर जाता येतं. दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. गरोदरपणात चालत नाहीत. उलट्या-जुलाबाने आडवे झालात तर तेवढे दिवस थांबवायच्या का ते डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळीपेक्षा किडनीला खरा त्रास देणाऱ्या गोळ्या म्हणजे स्वतःच्या मनाने रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकसारख्या. लांब धावणारी माणसं त्या सर्रास घेतात. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो.

राहिलं खाणं. खाल्लेलं प्रोटीन थेट लघवीत येत नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात, शरीर त्यांतून आपलं अल्ब्युमिन बांधतं, आणि गळतं ते हे बांधलेलं. त्यामुळे जेवणातलं प्रोटीन बंद करण्याचं काही कारण नाही, आणि ‘गळतंय तेवढं भरून काढू’ म्हणून दुप्पट खाणंही चूक, कारण जास्त प्रोटीनने गाळणीतला दाब वाढतो. किडनीचं काम कमी झालेल्यांना आम्ही किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम सांगतो. तुमच्या निदानाचा पत्ता नसताना मी एवढंच म्हणेन: साधं जेवा, पावडर एसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत बंद. मिठाकडे मात्र आजपासूनच बघा, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. मीठ जास्त असलं की प्रिल-सार्टनचा निम्मा परिणाम वाया जातो, हे मी रोज बघतो.

पुढचं काही दिसलं तर तीन महिन्यांचा हिशेब बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा: सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी पायांवर सूज, लघवी चहासारखी तांबूस, लघवीचं प्रमाण कमी, धाप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी. घरात कुणी गरोदर असेल आणि वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर जाऊन प्रोटीन आलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

भेटायला याल तेव्हा बीपीची वही, जुने सगळे क्रिएटिनिनचे रिपोर्ट आणि पावडरचा डबासुद्धा आणा. लेबलवर क्रिएटीन (शरीरात त्याचंच क्रिएटिनिन होतं) असेल तर रक्तातल्या क्रिएटिनिनपैकी किती किडनीचं आणि किती डब्याचं, तेही आपल्याला वेगळं काढावं लागेल.